चारशे वर्षांचा बर्फ, चार दिवसांची नदी

एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. पुण्या-मुंबईचे ट्रेकर दरवर्षी तिथे जातात, फोटो काढतात आणि परत येतात. अलास्का आणि कॅनडाच्या सीमेवरचं माउंट सेंट इलायस हे शिखर ५,४८९ मीटरचं, म्हणजे त्या बेस कॅम्पपेक्षा जेमतेम १२५ मीटरने उंच. हिमालयाच्या हिशेबात हा आकडा किरकोळच. पण सेंट इलायसचा पायथा थेट समुद्रात आहे. टान फ्योर्ड नावाच्या खाडीचं पाणी शिखरापासून अवघ्या १६ किलोमीटरवर येऊन थांबतं. तेवढ्या अंतरात शून्यापासून साडेपाच हजार मीटर! बेस कॅम्पवर उभं राहिलं तर एव्हरेस्टचा माथा साडेतीन हजार मीटर वर असतो. इथे खाडीतल्या होडीतून मान वर करणाऱ्यासमोर त्याच्या दीडपटीहून उंच भिंत उभी असते.

सेंट इलायस रांगेतल्या हिमक्षेत्राबद्दल वाचताना पहिली अडचण ही अशी येते. सवयीची मापं लागू पडत नाहीत. दुसरी अडचण याहून मोठी आहे. पर्वत आणि बर्फ म्हणजे जागच्या जागी असणाऱ्या गोष्टी, असं आपण धरून चालतो. या मुलखात डोंगर, बर्फ, नद्या, किनारा यांतलं काहीच एका जागी स्वस्थ बसत नाही. कधी हलायला चारशे वर्षं लागतात, कधी चार दिवस, तर कधी काही मिनिटं.

पसारा

कॅनडातलं क्लुआनी आणि अमेरिकेतलं रँगल-सेंट इलायस ही दोन संरक्षित क्षेत्रं युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतली. पुढे अलास्कातलं ग्लेशियर बे आणि ब्रिटिश कोलंबियातलं टॅटशेनशिनी-अल्सेक त्यांना जोडलं गेलं. चौघांचं क्षेत्रफळ मिळून ९८ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात जातं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक तृतीयांश. ध्रुवीय प्रदेश सोडले तर जगातलं सर्वांत मोठं हिमक्षेत्र याच हद्दीत आहे.

त्याच्या मधोमध माउंट लोगन आहे. उंची ५,९५९ मीटर, कॅनडात सर्वोच्च. लोगन हा एक सुळका नाही. पाच हजार मीटरच्या वर त्याला अकरा शिखरं आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येक किलोमीटर पसरलेलं बर्फाचं पठार आहे. ज्वालामुखी नसलेल्या डोंगरांत पायथ्याचा घेर जगात सर्वांत मोठा तो याचाच, असं मानतात. २३ जून १९२५ रोजी सहा जण पहिल्यांदा त्याच्या माथ्यावर पोहोचले. त्या चढाईचं सामान आधीच्या हिवाळ्यात घोडे आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून पुढे नेऊन ठेवावं लागलं होतं, कारण मुळात डोंगराच्या पायथ्याशी पोहोचणं हीच एक मोहीम होती.

सेंट इलायसची पहिली चढाई त्याआधीची, १८९७ ची. इटलीचा ड्यूक ऑफ अब्रुत्सी तिचा नेता. त्याच्या लवाजम्यात हमाल होते, छायाचित्रकार होता आणि झोपायला लोखंडी खाटा होत्या. त्या खाटा हमालांनी हिमनदीवरून ओढत नेल्या. ३१ जुलैला दहाच्या दहा जण शिखरावर उभे राहिले. त्यानंतर तिथे पुन्हा माणसाचं पाऊल पडायला ४९ वर्षं गेली.

एवढा बर्फ इथेच का? पॅसिफिकच्या बाजूने याकुटात नावाचा भूकवचाचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटरच्या वेगाने उत्तर अमेरिकेवर रेटला जातो आहे, त्यामुळे डोंगर अजूनही वर उचलला जातोय. अलास्काच्या आखातावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीवर आदळतात. पुढचं गणित सह्याद्रीच्या मुलखात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस माण-खटावला हुलकावणी देतो, तेच हे. किनाऱ्यावरच्या याकुटात गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक वृष्टी होते. रांग ओलांडून क्लुआनी सरोवराच्या काठी गेलं की ती तीनशेच्या आसपास उतरते. फरक एवढाच, की आपल्या घाटमाथ्यावर पडलेलं पाणी त्याच हंगामात धरणाला किंवा समुद्राला मिळतं. तिथल्या माथ्यावर पडलेलं साठत जातं.

जाडी

साठलेल्याचा भार वाढला की बर्फ स्वतःच्या वजनाने उताराला लागतो. सेंट इलायसच्या दक्षिणेला सुवर्ड हिमनदी अरुंद घळीतून खाली येते आणि किनाऱ्याजवळची सपाटी लागताच धिरड्याचं पीठ तव्यावर पसरावं तशी पसरते. या पसरलेल्या भागाला मलास्पिना म्हणतात. रुंदी सुमारे ६५ किलोमीटर. रँगल-सेंट इलायस राष्ट्रीय उद्यानाच्या नोंदींत तिचं क्षेत्रफळ ३,९०० चौरस किलोमीटरच्या आसपास दिलं जातं. आख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे गोवा तिच्यात मावून वर जागा उरते.

वरून पाहिलं तर मलास्पिना सपाट मैदानासारखी दिसते. विमानातून रडारने आतवर पाहिलं तेव्हा खरी खोली कळली. बर्फाचा तळ बऱ्याच भागात समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी तीनशे मीटरने. समुद्र आणि हा बर्फ यांच्यामध्ये आहे ती जमिनीची अरुंद पट्टी. ती फुटून खारं पाणी आत शिरलं, तर बर्फ खालूनही वितळू लागेल. मलास्पिनात आज जेवढा बर्फ आहे तो सगळा वितळला, तर जगभरच्या समुद्राची पातळी सुमारे १.४ मिलिमीटरने वाढेल. आकडा छोटा वाटतो, पण ही एकाच हिमनदीची गोष्ट आहे आणि वाढ पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांची आहे.

या हिमनदीच्या कडेला चक्क जंगल आहे. डोंगरातून वाहून आलेल्या दगडमातीचा थर बर्फावर साचला, त्यात आल्डर आणि स्प्रूसची झाडं रुजली, उंच झाली, काही म्हातारीही झाली. त्यांच्या मुळांखाली थोड्या अंतरावर बर्फ सुरू होतो, तो खोलवर बर्फच. मधेच कुठे बर्फ वितळून खड्डा पडतो, त्यात गढूळ तळं तयार होतं. मग काठावरची झाडं आधी तळ्याकडे कलतात आणि नंतर मुळांसकट पाण्यात जातात. मागची झाडं काठावर येतात. झाडं आपल्या जागेवरच असतात, पायाखालची जमीन तेवढी निघून जाते.

वर, लोगनच्या पठारावर, जाडीचा अर्थ वेगळा आहे. तिथे जाडी म्हणजे काळ. अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये पठारावर छिद्र पाडून ३२७ मीटर खोलीपर्यंतच्या बर्फाच्या कांड्या बाहेर काढल्या. वरच्या थरांत एकेक वर्ष वेगळं ओळखू येतं. खाली जावं तसं वजनाने बर्फ चेपत जातो, वर्षं पातळ होत जातात, आणि तळाजवळच्या थोड्याशा लांबीत हजारो वर्षं दाबून बसलेली असतात. सर्वांत खालचा बर्फ सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा अंदाज आहे. ज्वालामुखीची राख, वणव्यांची काजळी, दूरच्या वाळवंटांतली धूळ, हे सगळं त्या कांड्यांत तारीखवार अडकलेलं आहे.

वेग

लोगनच्या परिसरातून निघून समुद्राला मिळणारी हबर्ड हिमनदी १२२ किलोमीटर लांब आहे. समुद्रात तिचा जो कडा तुटत राहतो, त्याची रुंदी दहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि पाण्यावरची उंची शंभर मीटरच्या घरात. उगमापासून या कड्यापर्यंत यायला बर्फाला साधारण चारशे वर्षं लागतात. आज पर्यटकांच्या जहाजासमोर गडगडाट करत कोसळणारा तुकडा, दख्खनेत मलिक अंबराचा अंमल होता त्या सुमारास, वर डोंगरात भुरभुर हिम म्हणून पडलेला आहे.

चारशे वर्षांत १२२ किलोमीटर ही झाली सरासरी. सरासरीवर विसंबणाऱ्यांसाठी जवळच व्हेरिगेटेड नावाची एक लहान हिमनदी आहे. एरवी ती दिवसाला वीतभर सरकते. दर दहा-वीस वर्षांनी मात्र तिच्या अंगात येतं. १९८२-८३ च्या अशा झटक्यात शास्त्रज्ञ तिच्यावर उपकरणं लावून बसले होते. जून १९८३ मध्ये तिने दिवसाला ६५ मीटरचा वेग गाठला, म्हणजे मिनिटाला साडेचार सेंटिमीटर. बर्फ सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसेल असा हा वेग आहे. कारणही त्याच मोजणीतून हाती लागलं. बर्फाखालचं पाणी वाहून जायच्या नेहमीच्या वाटा बंद झाल्या, पाणी तळाशी कोंडलं आणि त्याच्या दाबाने आख्खी हिमनदी तळावरून सुटी झाली. जुलैच्या सुरुवातीला कोंडलेलं पाणी पुराच्या रूपाने बाहेर पडलं आणि हिमनदी पुन्हा शांत झाली.

बंधारा

जगातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना हबर्ड पुढे सरकते आहे आणि ती १८९५ पासून सरकते आहे. तिचा बहुतेक सगळा विस्तार इतक्या उंचीवर आहे, की वर जमा होणारं हिम खालच्या तुटफुटीला पुरून उरतं. तिच्या वाटेत रसेल फ्योर्ड या लांबलचक खाडीचं तोंड येतं. मे १९८६ च्या अखेरीस तिने रेटत आणलेल्या गाळाने आणि बर्फाने ते तोंड बंद केलं. खाडीचं सरोवर झालं. आत सील आणि डॉल्फिनसारखे शिंशुक अडकले, त्यांना सोडवायला माणसं जाळी घेऊन धावली. चारही बाजूंनी वितळतं पाणी येतच होतं. चार महिन्यांत पातळी २५ मीटरने चढली.

८ ऑक्टोबरला बंधारा फुटला. त्या पुराचा सर्वोच्च विसर्ग सेकंदाला एक लाख घनमीटरहून अधिक होता. पावसाळ्यात धरणांच्या बातम्या वाचणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर ३५ लाख क्युसेकच्या वर. योगायोग असा, की त्याच १९८६ च्या ऑगस्टमध्ये आंध्रातल्या धवळेश्वरमला गोदावरीने ३५ लाख क्युसेकचा विक्रम केला होता. त्र्यंबकेश्वरपासून गोळा होत गेलेलं, तीन लाखांहून अधिक चौरस किलोमीटर खोऱ्याचं ते पाणी. एका हिमनदीने एक खाडी चार महिने अडवून तो आकडा गाठला. २००२ मध्ये हबर्डने तीच वाट पुन्हा अडवली. तेव्हा विसर्ग साधारण निम्मा होता, तरी हिमबंधारा फुटून आलेल्या नोंदलेल्या पुरांत त्याचा क्रमांक दुसरा लागतो. पहिला तिचाच, १९८६ चा.

वाट कायमची बंद झाली तर? पाणी समुद्रसपाटीपासून ४० मीटरवर चढलं की दुसऱ्या टोकाने सितुक नदीत उतरेल. ही नदी सॅमन आणि स्टीलहेड माशांसाठी प्रसिद्ध आहे. याकुटात गावातल्या अनेकांची चूल तिच्यावर पेटते. त्यामुळे तिथल्या लोकांना हबर्डच्या कड्यासमोर किती वाट मोकळी उरली, याच्याकडे डोळा ठेवून राहावं लागतं.

लाट

९ जुलै १९५८, रात्रीचे दहा वाजून गेलेले, तरी उत्तरेकडच्या उन्हाळ्यामुळे उजेड होता. फेअरवेदर भ्रंशावर मोठा भूकंप झाला आणि याच किनाऱ्यावरच्या लिटुया खाडीच्या आतल्या टोकाला सुमारे तीन कोटी घनमीटर खडक कड्यावरून थेट पाण्यात कोसळला. समोरच्या डोंगरउतारावर पाणी ५२४ मीटरपर्यंत चढलं. मुंबईतल्या कुठल्याही इमारतीपेक्षा ही उंची जास्त आहे. पाणी पोहोचलं तिथपर्यंतचं जंगल मुळासकट खरवडून निघालं आणि खाली नुसता खडक उरला. खाडीत मासेमारीच्या तीन बोटी होत्या. एकीवरचा बाप आणि त्याचा लहान मुलगा लाटेबरोबर वर चढून खाली आले आणि वाचले. दुसरी बोट लाटेने खाडीच्या तोंडावरच्या भूशिरावरून उचलून समुद्रात टाकली, तिच्यावरचं जोडपंही वाचलं. तिसरी बोट आणि तिच्यावरचं जोडपं मात्र गेलं.

१७ ऑक्टोबर २०१५ रोजी टान फ्योर्डमध्ये, म्हणजे सुरुवातीला पाहिलेल्या त्याच खाडीत, सुमारे १८ कोटी टन दगडमाती घसरली. पाणी १९३ मीटर चढलं. तिथे कोणीच नव्हतं. दूरदूरच्या भूकंपमापकांवर उमटलेल्या खुणांवरून शास्त्रज्ञांना हे कळलं. १९६१ ते १९९१ या तीस वर्षांत तिथली टिंडल हिमनदी सतरा किलोमीटर मागे हटली होती. जो उतार इतकी वर्षं बर्फाच्या टेकूवर उभा होता, त्याचा टेकूच गेला.

जमीन वर उचलली गेल्याचा दाखलाही याच किनाऱ्यावर आहे. सप्टेंबर १८९९ च्या भूकंपात डिसएन्चांटमेंट खाडीचा काठ एका जागी १४ मीटरहून अधिक वर आला. १९०५ मध्ये भूवैज्ञानिक तिथे पोहोचले तेव्हा भरतीच्या रेषेच्या खूप वर, कोरड्या कड्यावर, समुद्रातल्या शिंपल्यांची आणि कालवांसारख्या खडकाला चिकटणाऱ्या जीवांची कवचं अजून चिकटलेली होती. किती जमीन उचलली गेली, हे त्या कवचांनी मोजून दिलं.

नदी

रांगेच्या कोरड्या बाजूला कास्कावुल्श ही सुमारे ७० किलोमीटरची हिमनदी आहे. तिच्या टोकाशी पाण्याच्या दोन वाटा होत्या. एक स्लिम्स नदीने क्लुआनी सरोवरात आणि तिथून युकॉन नदीवाटे दोन हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन बेरिंग समुद्रात. दुसरी कास्कावुल्श नदीने अल्सेक नदीमध्ये आणि तिथून पॅसिफिकला, कितीतरी जवळ आणि कितीतरी तीव्र उताराने. कोणत्या वाटेला किती पाणी जायचं, हे हिमनदीचं टोक कुठे आहे त्यावर ठरत होतं.

टोक मागे हटत गेलं. मे २०१६ मध्ये वितळत्या पाण्याने बर्फातून तीसेक मीटर खोल नवी घळ कापली आणि २६ ते २९ मे या चार दिवसांत स्लिम्सचं पाणी जवळजवळ संपलं. जिथे नदी शंभर-दीडशे मीटर रुंदीने वाहत होती, तिथे गाळाचं मैदान उघडं पडलं आणि वाऱ्याबरोबर धुळीचे लोट उठू लागले. क्लुआनी सरोवराची पातळी उतरली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. हवामानाच्या नैसर्गिक चढउतारातून असं मागे हटणं घडण्याची शक्यता जेमतेम अर्धा टक्का होती.

ही नदी मुळात बर्फानेच जन्माला घातली होती. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कास्कावुल्श पुढे सरसावली, तिने क्लुआनीच्या पाण्याची दक्षिणेकडची वाट बुजवली आणि सरोवराला उत्तरेकडे वळवलं. तीन शतकांहून अधिक काळ वाहिलेली नदी काढून घ्यायला चार दिवस पुरले.

वजाबाकी

१९५७-५८ आणि २००६-०८ या दोन काळांतली मोजमापं समोरासमोर ठेवली तर कॅनडाच्या युकॉन भागातल्या हिमनद्यांनी पन्नास वर्षांत २२ टक्के क्षेत्र गमावलं. चौरस किलोमीटरमध्ये २,५४१. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर भरतात, त्याच्या चौपटीहून जास्त. वजनात हा बर्फ सुमारे ४०६ अब्ज टन होता. त्याच्या पाण्याने १०५ टीएमसीचं कोयना धरण सुमारे १३६ वेळा काठोकाठ भरलं असतं. जगाचा समुद्र त्याने चढला १.१३ मिलिमीटर.

ही एका कोपऱ्याची गोष्ट झाली. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाची अफाट हिमपटलं वगळून बाकी सगळ्या जगाच्या हिमनद्यांनी २००० ते २०२३ या काळात दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. त्यातला सर्वांत मोठा वाटा, साधारण २२ टक्के, अलास्का विभागाचा. या तेवीस-चोवीस वर्षांत समुद्र त्यामुळे १८ मिलिमीटर वर आला.

तो सगळीकडे सारखा वर येत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे याकुटात आणि ग्लेशियर बेच्या परिसरात जमीन वर्षाला तीन सेंटिमीटरपर्यंत वर येते आहे. शिवाय बर्फाचा एवढा मोठा साठा आपल्या गुरुत्वाकर्षणाने आसपासचं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरत असतो. बर्फ कमी झाला की ती ओढही कमी होते आणि पाणी तिथून दूर सरकतं. म्हणून या हिमक्षेत्राच्या पायथ्याशी समुद्र जमिनीच्या मानाने खाली जातो आणि वितळलेल्या बर्फाचा भार दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा थोडा जास्तच पडतो. त्या दूरच्या किनाऱ्यांत मुंबई, रत्नागिरी आणि पणजी येतात.